बोट लागण्यापूर्वीची तरतूद



पाडव्याचे वहीपूजन आटोपले की आपल्या जयसिंगपूरच्या पेठेत पूर्वी दोनच मोठ्या प्रवासांची बोलणी होत असत. एक सम्मेदशिखरजीचा आणि दुसरा श्रवणबेळगोळचा. अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. खत, सिमेंट, रंग अशा मालाच्या कंपन्या विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या दुकानदारांना सहकुटुंब समुद्रसफरीला पाठवितात. कुणी आईवडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव जहाजावर साजरा करावयाचे ठरवितो. समुद्र आपल्या समाजाला परका मुळीच नाही. श्रीपालचरित्रातील धवलशेठची गलबते लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली आहेत. परंतु जयसिंगपूर हे सरळ रस्त्यांचे, आखीव गल्ल्यांचे, रेल्वेच्या काठी वसलेले गाव. येथील बहुतेक कुटुंबांत जहाजावर रात्र काढणारी ही पहिलीच पिढी असेल.

गेल्या महिन्यात आमच्याच भागातील एक आडत व्यापारी घरी आले. मुंबई-गोवा क्रूझची कुटुंबाची तिकिटे काढून झाली होती आणि सत्तरीच्या आक्कांनी ऐनवेळी नकार दिला होता. “मला गाडी लागते, बोट तर लागणारच. तुम्ही जाऊन या,” एवढेच त्यांचे म्हणणे. मुलगा मला म्हणाला, “साहेब, आक्का तुमचे ऐकतात. जरा समजावून सांगा. मनाची भीती आहे, दुसरे काही नाही.”

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण हेच वाक्य मी माझ्या घरात अनेक वर्षे उच्चारलेले आहे.

बँकेच्या सेवेत असताना माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाखेत झाली होती. तीन वर्षे मी तेथे होतो. कुटुंब जयसिंगपुरातच होते. कोल्हापूर, मलकापूर आणि मग आंबा घाट उतरून एस.टी. साखरप्याला पोहोचेपर्यंत पत्नीचा चेहरा पांढराफटक पडलेला असे. मांडीवर ओला नॅपकिन, हातात पिशवी, डोळे मिटलेले. मी शेजारी बसून सांगत असे, “मनावर घेतले नाही म्हणजे काही होत नाही.” तीन वर्षांत ती दोनदाच आली. पुढे पंधरवड्याला मीच येऊ-जाऊ लागलो. ती का येत नाही याचे कारण मी मुलांच्या शाळेत शोधले. तिने ते कधी खोडून काढले नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक न्याय दाखविला आहे. गाडी ‘लागते’, बोट ‘लागते’, तसेच ऊनही ‘लागते’ आणि ठेचही ‘लागते’. या क्रियापदात सोसणाऱ्याकडे दोष येत नाही. ऊन लागलेल्या माणसाला आपण मन घट्ट करण्याचा उपदेश करीत नाही. सावलीत नेतो आणि पाणी देतो. बोट लागलेल्याला मात्र आपण हसतो.

हा मनाच्या दुर्बलतेचा विकार असता तर इंग्लंडचा विख्यात आरमारी सेनापती नेल्सन याला तो झाला नसता. आयुष्य समुद्रावर काढूनही जोराचा वारा सुटला की त्याला बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ च्या डिसेंबरात ‘बीगल’ जहाजावर चढला आणि १८३६ च्या ऑक्टोबरात परतला. या जवळजवळ पाच वर्षांत त्याचा हा त्रास पूर्णपणे कधीच गेला नाही. ज्याच्या संशोधनाने जीवशास्त्र बदलले, त्याचे मन कच्चे होते असे कोण म्हणेल?

कारण शरीरात आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या दोन्ही कानांच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या. नलिकांतील द्रव डोके वळले की हलतो. पिशव्यांत चुन्यासारख्या पदार्थाचे बारीक कण असतात, ते सरळ रेषेतील हालचाल आणि वर-खाली होणे टिपतात. जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे मेंदूला सांगतात की भिंती, पलंग, टेबल सर्व स्थिर आहे. त्याच क्षणी कान सांगतो की देह हलतो आहे. दोन साक्षी परस्परविरुद्ध आल्या की मेंदूचा गोंधळ होतो. जांभया, घाम, तोंडाला पाणी सुटणे, मळमळ आणि अखेर उलटी ही त्या गोंधळाची लक्षणे होत.

अनेकान्ताचे संस्कार असणाऱ्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. डोळ्याचे म्हणणे खोलीच्या अपेक्षेने खरे आहे. कानाचे म्हणणे पृथ्वीच्या अपेक्षेने खरे आहे. खोटे कोणीच बोलत नाही. दोघांनाही एकच वस्तू एकाच अपेक्षेने दाखविली की विरोध मिटतो. डेकवर जाऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते ते यामुळेच. तेथे डोळ्यालाही जहाज हलताना दिसते आणि त्याची साक्ष कानाच्या साक्षीशी जुळते. उलट खोलीत बसून वर्तमानपत्र किंवा मोबाईल वाचला की विरोध वाढतो. ज्यांच्या दोन्ही कानांतील ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना बोट लागतच नाही. हा प्रश्न मनाचा नसल्याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

हालचालीच्या वेगाचाही यात वाटा आहे. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी संथ हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते. खड्ड्यांतून धडधडत जाणाऱ्या ट्रॅक्टरवर सहसा कुणाला लागत नाही. पण संथ लाटांवर झुलणाऱ्या आलिशान जहाजावर लागते. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास क्वचित होतो; दोन ते बारा या वयात तो अधिक दिसतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो जास्त होतो, आणि गरोदरपणात किंवा मासिक पाळीच्या दिवसांत आणखी वाढतो. अर्धशिशी असणाऱ्यांनाही तो सहज गाठतो. वय वाढेल तसा तो बहुधा कमी होतो, परंतु ज्याला घाटात गाडी लागते त्याने बोटही लागेल असे धरूनच चालावे.

आता तरतुदीविषयी. बँकेत आम्ही कर्ज बुडाल्यानंतर तरतूद करू लागलो असतो तर ताळेबंद कधीच सावरला नसता. या विकाराचा हिशेबही तसाच आहे. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते आणि पोटात गेलेली गोळी पुढे सरकत नाही, किंवा उलटीतून बाहेर पडते. म्हणून जे करावयाचे ते आधी.

पहिली तरतूद ऋतूची. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. त्यापूर्वी कितीतरी वर्षे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्यापर्यंत जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवली जाई. कोळी बांधवही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात घालीत नाहीत. आपल्याकडे चातुर्मासात विहार आणि प्रवास मर्यादित ठेवण्याची परंपरा जीवदयेसाठी आहे. समुद्राचा स्वभावही त्या परंपरेशी जुळणारा आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपल्यावर, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तो बराच शांत असतो. पहिली सफर त्याच दिवसांत करावी.

दुसरी तरतूद खोलीची. जहाज पाण्यावर लहान मुलांच्या सी-सॉप्रमाणे हलते. दोन्ही टोके अधिक उचलली जातात आणि मध्यभाग कमी. उंच मजले अधिक झुलतात, पाण्यालगतचे कमी. म्हणून जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली मागावी. शक्य असल्यास खिडकीची. सर्वांत वरची, सर्वांत महाग खोली बोट लागणाऱ्यासाठी सर्वांत वाईट ठरू शकते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखे बसविलेले असतात. ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होणारे डोलणे पुष्कळ कमी करतात, पण पुढचे टोक उचलून आपटण्याची हालचाल त्यांना फारशी आवरता येत नाही.

तिसरी झोपेची. जागरणाने हा त्रास वाढतो. रात्रभर रेल्वेने प्रवास करून सकाळी मुंबईत उतरावयाचे, दिवसभर मंगलदास मार्केटमध्ये खरेदी करावयाची आणि संध्याकाळी बॅलार्ड पिअरवरून जहाजात चढावयाचे, हा आपला व्यापारी काटकसरीचा बेत येथे महागात पडतो. एक दिवस आधी जाऊन मुंबईत पुरेशी झोप घ्यावी.

चौथी तरतूद आहाराची, आणि येथे आपला प्रश्न इतरांहून वेगळा आहे. बोट लागू नये म्हणून सर्वत्र सांगितला जाणारा घरगुती उपाय म्हणजे मधातून आल्याचा रस. आले जमीकंद आणि मध अभक्ष्य. म्हणजे हा उपाय आपल्याला दोन्ही बाजूंनी बंद. परंतु आले वाळून झालेली सुंठ आपल्या बहुतेक घरांत चालते. समाधानाची गोष्ट अशी की १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात ८० आरमारी प्रशिक्षणार्थींवर खवळलेल्या समुद्रात जी चाचणी झाली, ती वाळवलेल्या आल्याच्या पुडीचीच, अर्थात सुंठीची होती. मात्रा १ ग्रॅमची होती. सुंठ घेतलेल्यांना उलट्या आणि घाम कमी आला. सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष इतके अनुकूल नाहीत, म्हणून सुंठीला रामबाण म्हणू नये. पण सौम्य त्रासाला ती निश्चितच आधार देते. सपाट अर्धा चमचा सुंठपूड म्हणजे साधारण १ ग्रॅम. ती कोल्हापुरी गूळ आणि किंचित तुपात मळून सुपारीएवढ्या गोळ्या घरूनच करून न्याव्यात. मधुमेह असणाऱ्यांनी गुळाऐवजी कोमट पाण्यातून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाजारात आल्याच्या कॅप्सूलही मिळतात, पण कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, हे ध्यानात ठेवावे.

पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. तळलेले, मसालेदार, तुपकट पदार्थ त्या दिवशी दूर ठेवावेत. खाखरा, चुरमुरे, साळीच्या लाह्या, दशमी असे कोरडे पदार्थ थोडे थोडे खावेत आणि पाणी घोट घोट प्यावे. तोंडात धरण्यास लिंबाची फोड चांगली. तिथीला हिरवे वर्ज्य असणाऱ्यांनी आवळकाठी न्यावी.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जैन जेवण मिळते, पण ते किती वाजता मिळते हे तिकीट काढतानाच विचारावे. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जहाजावरील रात्रीचे जेवण साधारणतः त्यानंतर सुरू होते. सूर्यास्ताच्या भीतीने शेवटच्या पंधरा मिनिटांत घाईघाईने भरपेट जेवणे हे बोट लागण्याला आमंत्रण आहे. चार-साडेचारला हलके खाऊन घ्यावे. घरचा फराळ जवळ असला तर वेळेची चिंता राहत नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या एका तरुणाने हेच केले होते. बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेऊन निघालेल्या मोहनदास गांधींना जहाजावरील कोणता पदार्थ निर्मांस आहे हे विचारण्याचा संकोच वाटे. म्हणून ते आपल्या खोलीतच बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खात. आपल्याला बोट मुळीच लागली नाही, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. ती त्यांच्या प्रकृतीची देणगी असेल. पण नियम सांभाळून समुद्र ओलांडता येतो याचा तो दाखला आहेच.

पाचवी तरतूद औषधांची. प्रोमेथाझिन (आपल्याकडे अ‍ॅव्होमिन या नावाने परिचित), मेक्लिझिन, सिनॅरिझिन, डायमेनहायड्रिनेट ही या कामाची औषधे आहेत. जहाज सुटण्यापूर्वी किमान एक ते दोन तास घेतली तरच ती उपयोगी पडतात. उलटीवर सर्रास दिली जाणारी ओंडॅन्सेट्रॉनची गोळी इतर उलट्यांवर उत्तम असली तरी बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. ‘घरात गोळी आहे’ या भरवशावर राहू नये. वरील बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांनी, आणि वयोवृद्धांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या घेऊ नयेत. वृद्धांना गुंगीत तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. दोन वर्षांखालील बालकांना प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये. सल्ला मिळाल्यावर एक गोळी आठवडाभर आधी घरी घेऊन पाहावी. ती आपल्याला कशी मानवते ते कळते.

चौविहार पाळणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. रात्री दुसरी गोळी घेता येणार नाही हे कळल्यास ते दीर्घकाळ परिणाम टिकणारे औषध निवडू शकतात आणि ते सूर्यास्तापूर्वी घेता येते. मधुमेहींसाठी तर हे अत्यावश्यक आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले, खाल्लेले उलटून पडलेले आणि पुढे सकाळपर्यंत काही घ्यावयाचे नाही, अशा स्थितीत रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्या प्रसंगी काय करावे, प्रत्याख्यानातील आगारांचा आधार कसा घ्यावा, हे गुरुमहाराजांना प्रवासापूर्वीच विचारून ठेवावे. मध्यरात्री समुद्रावर हा निर्णय घरच्यांवर सोडू नये.

एवढे करूनही मळमळ सुरू झालीच तर दिवसा मोकळ्या डेकवर मध्यभागी उभे राहून क्षितिजावर दृष्टी ठेवावी. रात्री क्षितिज दिसत नाही. तेव्हा पलंगावर उताणे पडून, डोके उशीवर स्थिर ठेवून, डोळे मिटावेत. डिझेल, अत्तर, स्वयंपाकघर यांच्या वासापासून दूर राहावे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, आतल्या बाजूस, दोन शिरांच्या मध्ये दाब देण्याने काहींना आराम पडतो; याबाबत तज्ज्ञांचे एकमत नाही, पण त्यात अपायही नाही. आणि एक सूचना ज्येष्ठांसाठी. चक्कर येण्याबरोबर बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय जड पडणे किंवा छातीत दुखणे असे काही झाले तर ते बोट लागणे समजू नये. क्रूझवर डॉक्टर असतात. त्यांना तत्काळ बोलवावे.

दोन-तीन दिवसांत बहुतेकांचे शरीर लाटांना सरावते. मात्र मुंबई-गोव्याची सफर दोन-तीन रात्रींचीच असते. शरीर सरावते तोवर परतीचा धक्का दिसू लागतो. म्हणूनच लांबच्या प्रवासापेक्षा या छोट्या सफरीत पूर्वतयारीचे महत्त्व अधिक आहे. घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीन झुलल्यासारखी वाटते; ते आपोआप थांबते. गोळीची गुंगी असेपर्यंत मात्र मोटार चालवू नये.

हे सर्व मी पुस्तकांतून उशिरा शिकलो. आधी शिकलो ते जहाजावर. निवृत्तीनंतर मुलांनी आम्हा उभयतांना अशाच एका सफरीवर पाठविले. पत्नीने महिनाभर आधी डॉक्टरांना गाठले, गोळी घरी घेऊन पाहिली, सुंठीच्या गोळ्या केल्या, मुलाकडून खालच्या मजल्यावरची मधली खोली मागून घेतली. मी या सर्वाची थट्टा केली. घाट असो वा बोट, मला कधी काही होत नाही, असा माझा समज होता. जहाजावर दुपारपासून जे दिसेल ते चाखले, सूर्यास्तापूर्वी घाईने भरपेट जेवलो आणि खोलीत येऊन वर्तमानपत्र उघडले. बंदर सोडून जहाज मोकळ्या समुद्रात आले आणि तासाभरात माझे वर्तमानपत्र खाली पडले. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत मी किती वेळा न्हाणीघरात गेलो ते मोजण्याच्या स्थितीत नव्हतो. गोळी घेण्याची वेळ टळून गेली होती आणि चौविहाराचा नियमही होता.

पत्नीने मला उताणे झोपविले, मानेखाली ओला नॅपकिन ठेवला आणि दिवा मालवला. पहाटे उजाडू लागताच हात धरून डेकवर नेले. क्षितिजाची रेघ स्पष्ट दिसू लागली, वारा अंगावर आला, तसे मला हळूहळू बरे वाटू लागले. ती शेजारी स्वस्थ उभी होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आंबा घाटात मला असेच व्हायचे हो.”

त्या वाक्यात तक्रार नव्हती. ती फक्त माहिती देत होती, जी मी तीन वर्षे शेजारी बसूनही घेतली नव्हती. दहा मिनिटे आधी एक गोळी, पुढची खिडकीची जागा, वाटेत दोन ठिकाणी थांबणे, इतकेही मी सुचविले नव्हते. एवढ्याने ती तीन वर्षांत दोनदाऐवजी वीसदा आली असती. आता मला कळते की गोळीही दहा मिनिटे आधी नव्हे, तर एक तास आधी द्यावयास हवी होती. पण त्यासाठीही प्रथम तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

म्हणून त्या आडत व्यापारी मित्राला मी सांगितले की मी आक्कांना समजावण्यास येणार नाही. आक्कांना काय होते ते विचारण्यास येईन. आम्ही गेलो. आक्कांनी सांगितलेल्या गोष्टी मुलाने पहिल्यांदाच ऐकल्या. लग्नानंतर बाहुबलीच्या मोटारीतही त्यांना त्रास होत असे, कुलदेवीच्या यात्रेला सासूबाई रागावत, आणि मुलाच्या मुलीच्या बारशाला घाट ओलांडून जावयाचे होते म्हणून त्या तापाचे निमित्त करून घरी राहिल्या होत्या. नातीच्या बारशाला आजी गेली नाही याचे कारण त्या घराला एकवीस वर्षांनी कळले.

आता त्यांच्या डॉक्टरांची भेट झाली आहे. काचबिंदू नाही, रक्तदाबाच्या गोळीशी विरोध नाही, असे त्यांनी पाहून घेतले. गोळीची घरी एकदा चाचणीही झाली; आक्का दुपारी दोन तास झोपल्या, एवढेच. वरच्या मजल्यावरील खोल्या बदलून मध्यभागी खालच्या घेतल्या आहेत. सुंठीच्या गोळ्या सूनबाई करणार आहेत. आक्का अजून ‘हो’ म्हणालेल्या नाहीत. बघू, म्हणतात. तो निर्णय त्यांचा आहे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर तिकिटाचे पैसे गेले असे समजून कुणी तोंड वाकडे करणार नाही, असे मुलाने कबूल केले आहे.

तुमच्या घरी समुद्रसफरीचे बेत चालू असतील तर प्रथम घरातील त्या व्यक्तीला विचारा, जी नेहमी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते. तिचे पूर्ण ऐकून घ्या, आणि मग तिकिटे काढा.

जय जिनेंद्र.